दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहती: वारसामूल्य, दुरुस्ती आणि परवानग्या यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथल्या इमारती साध्या तीन-चार मजली आहेत. त्यांत 'वारसा' म्हणण्यासारखं काय आहे?

एकेकटी इमारत बघितली तर बरेचदा फारसं काही सापडत नाही. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांचं मूल्य इमारतींच्या एकमेकींशी असलेल्या नात्यात आहे: सारखी उंची, रस्त्यापासून सारखं अंतर, दोन इमारतींमधली मोकळी जागा, एका रेषेत लावलेली झाडं आणि चालत पाच-सात मिनिटांवर मैदान किंवा बाग. म्हणूनच मुंबईच्या हेरिटेज नियमांत शैली किंवा वय यांच्यासोबत आणखीही निकष आहेत. समूहाचा भाग म्हणून असलेलं मूल्य, सामाजिक किंवा आर्थिक इतिहासाशी संबंध, नामवंत व्यक्तीशी किंवा घटनेशी संबंध, तांत्रिक विकासाचा टप्पा, आणि भोवतालच्या वस्तीसोबतच आखलेल्या मोकळ्या जागा. शेवटचा निकष तर या भागासाठीच लिहिल्यासारखा वाटतो.

व्यक्तीशी संबंधाचं ठळक उदाहरण म्हणजे हिंदू कॉलनीतलं 'राजगृह'. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं, आणि आपला प्रचंड ग्रंथसंग्रह ठेवता यावा ही त्यामागची एक मोठी गरज होती.

ही वसाहत कोणी आणि का वसवली?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या, उजेड आणि हवा नसलेल्या चाळींत तो झपाट्याने पसरला. त्यावर उपाय म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराच्या पोटातून रुंद रस्ते काढणं आणि उत्तरेकडच्या मोकळ्या, सखल जमिनीवर नव्या वस्त्या आखणं अशी दोन्ही कामं त्याच्याकडे होती. १८९९-१९०० च्या सुमाराला दादर-माटुंगा-वडाळा-शीव या पट्ट्याची योजना तयार झाली. आधी रस्ते, गटारं आणि भूखंड, मग घरं, हा क्रम मुंबईत तोवर क्वचितच पाळला गेला होता.

प्रत्यक्ष घरं मात्र सावकाश आली. मोठा भाग १९२० ते १९५० या काळात भरला. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्यांनी ट्रस्टकडे पाठपुरावा करून मध्यमवर्गीय पारशांकरता १०३ भूखंड राखून घेतले. इमारती दोन-तीन मजल्यांच्याच, रस्ते रुंद आणि झाडं भरपूर, हे तिथे सुरुवातीलाच ठरलं होतं. शहरातल्या इतर पारशी बागांभोवती (म्हणजे पारशी वसाहतींभोवती) भिंती आहेत, इथे नाहीत. रस्ते सगळ्यांसाठी खुले आहेत. हा खुलेपणाही जपण्याजोगाच गुण आहे, फक्त तो कुठल्या नकाशात रंगवून दाखवता येत नाही.

शिवाजी पार्कची गोष्ट थोडी वेगळी. ते मैदान पालिकेने १९२५ साली खुलं केलं. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला आजचं नाव मिळालं. भोवतीच्या इमारती मुख्यतः १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, म्हणजे आर्ट डेको या वळणदार, ठळक रेषांच्या वास्तुशैलीच्या ऐन काळातल्या आहेत.

ट्रस्टचा '६३.५ अंशांचा नियम' काय होता?

समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून आडव्या रेषेशी ६३.५ अंशांचा कोन करणारी रेषा वर काढायची. शेजारच्या इमारतीचा माथा त्या रेषेच्या वर जाता कामा नये. या कोनाचं टॅन्जंट जवळजवळ २ येतं. म्हणजे साध्या हिशेबात, इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मं अंतर मोकळं सोडायचं. १२ मीटर उंचीला ६ मीटर. तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोचावा, हा हेतू.

आजही गल्लीत टेप घेऊन मोजलं तर बऱ्याच जुन्या इमारतींत हे प्रमाण जवळपास जुळतं. एका भूखंडावर ६० मीटरचा टॉवर आला की त्याच नियमाने ३० मीटर अंतर लागेल, आणि तेवढा भूखंडच इथे नसतो. नवी इमारत दिसायला चांगली की वाईट हा वाद नंतरचा. ती शेजारच्या चार घरांचा उजेड घेते, हे मोजून दाखवता येतं. हरकत नोंदवताना 'परिसराचं सौंदर्य बिघडेल' एवढंच लिहू नका. रस्त्याचा छेद (रस्ता आणि दोन्ही बाजूंच्या इमारती उभ्या कापल्यासारखं चित्र) काढा, त्यावर ही रेषा आखा आणि तो जोडा.

आमची इमारत कोणत्या काळातली आहे, हे कागदपत्रं नसताना कसं ओळखायचं?

भिंतीची जाडी मोजा. तळमजल्याची बाहेरची भिंत ३५०-४५० मिमी किंवा जास्त, गिलावा खरवडल्यावर पांढरट भुसभुशीत चुना, छतात लोखंडी तुळया किंवा सागवानी वासे, असं असेल तर इमारत बहुधा १९२०च्या आसपासची, भारवाही (सगळं वजन भिंतीच पेलणाऱ्या) भिंतींची. भिंत २३० मिमी किंवा कमी, खोल्यांच्या कोपऱ्यांत खांब आणि छत सपाट स्लॅबचं असेल तर १९३०नंतरची आरसीसी चौकट समजा. मधल्या काळात मिश्र प्रकारही सर्रास आहेत: बाहेर भारवाही भिंत, आत आरसीसी स्लॅब.

आर्ट डेकोच्या खुणा बाहेरूनच दिसतात. खिडकीवर भुवईसारखा सलग वळणारा छज्जा, गोल कोपऱ्याची बाल्कनी, दर्शनी भिंतीवर आडव्या तीन समांतर पट्ट्या, जिन्याची उभी काचपट्टी, गोल खिडकी, ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याची किरणं किंवा लाटा, आणि माथ्यावर पायऱ्यांसारखं चढत गेलेलं शिखर. इमारतीचं नावही बरेचदा त्याच काळच्या वळणदार अक्षरांत सिमेंटमध्ये उठवलेलं असतं. रंगाऱ्याला सांगून ती अक्षरं वाचवा. दुरुस्तीच्या वेळी सगळ्यात आधी तीच गिलाव्याखाली जातात.

हेरिटेज यादी आणि श्रेणी म्हणजे काय?

मुंबईचे हेरिटेज नियम १९९५ साली लागू झाले. आज त्यांची जागा विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधल्या नियम ५२ ने घेतली आहे. श्रेणी १ ला आत-बाहेर जवळजवळ हात लावता येत नाही, अपवाद फक्त मजबुतीसाठी. श्रेणी २ मध्ये 'अ' आणि 'ब' आहेत. आतले बदल आणि नवा वापर तपासणीनंतर शक्य असतो, आणि 'ब' मध्ये त्याच भूखंडावर जुळणारी जोडइमारतही. श्रेणी ३ सगळ्यात सैल. आत-बाहेर बदल, वाढीव बांधकाम, आणि इमारत धोकादायक असेल तर पुनर्बांधणीसुद्धा होऊ शकते, मात्र मूळ परिसराला बाधा न आणता.

'प्रीसिंक्ट' म्हणजे अख्खा परिसर यादीत असणं. तुमच्या इमारतीचं नाव स्वतंत्रपणे नसलं तरी ती परिसराच्या हद्दीत असेल तर नियम लागू होतो. त्यामुळे यादी बघताना इमारतीच्या नावावर थांबू नका. मालमत्ता पत्रकावरचा सी.एस. (भूमापन) क्रमांक घ्या, परिसराच्या हद्दीचा नकाशा घ्या आणि दोन्ही ताडून बघा. शंका राहिली तर पालिकेकडे विकास आराखड्याविषयीचे शेरे मागा. त्यात भूखंडाची हेरिटेज स्थिती लिहून मिळते. तोंडी उत्तरावर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

यादीत नाव आलं की पुनर्विकास कायमचा बंद होतो का?

नाही. पण लोकांची भीती निराधार आहे असंही म्हणता येणार नाही. २०१२ साली पालिकेने नऊशेहून अधिक नव्या वास्तू आणि परिसरांची प्रस्तावित यादी जाहीर केली तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागातून मोठा विरोध झाला. कारण उघड होतं. बंधनं आजपासून लागणार, आणि गळक्या इमारतीच्या दुरुस्तीचे पैसे कुठून येणार याचं ठोस उत्तर कुणी देत नव्हतं. हस्तांतरणीय विकास हक्कांची (न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची) तरतूद नियमांत आहे, पण ते प्रकरण लांबतं आणि लहान सोसायटीच्या आवाक्याबाहेरचं वाटतं. जतनाची बाजू मांडणाऱ्यांनी हा मुद्दा टाळला की चर्चा तिथेच संपते.

प्रत्यक्षात निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: श्रेणी, इमारतीची संरचनात्मक अवस्था आणि मालकीचा प्रकार. इथले बरेचसे भूखंड ट्रस्टने भाडेपट्ट्यावर दिले होते, आणि १९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन झाल्यावर त्यांची मालकी पालिकेकडे आली. म्हणून भाडेपट्ट्याच्या अटी आधी वाचा. उंची, वापर आणि मोकळी जागा याबद्दल त्यांतच काही लिहिलेलं असू शकतं.

भाडेकरूंची इमारत असेल तर ती उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आहे का ते बघा. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची 'ब' मध्ये, आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'क' मध्ये येते. या इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते आणि पुनर्विकास विकास नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली होतो.

साधं रंगकाम करायचं आहे. त्यालाही परवानगी?

१९९५च्या नियमाच्या शब्दांतच दुरुस्ती, नूतनीकरण, रंगकाम, गिलावा आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं हे सगळं नावानिशी आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी वॉर्ड कार्यालयातून लेखी उत्तर घ्या.

मोठं काम असेल तर आर्किटेक्टमार्फत अर्ज जातो आणि हेरिटेज समितीचा, म्हणजे एमएचसीसीचा, अभिप्राय घेतला जातो. सोबत लागतं: आहे त्या स्थितीचे नकाशे, प्रस्तावित नकाशे (पाडायचं पिवळ्यात, नवं लाल रंगात), चारही बाजूंचे फोटो, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून काढलेले फोटो आणि कामाचं वर्णन. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा वर्णनामुळे. 'बाह्य दुरुस्ती' एवढं लिहून चालत नाही. कुठल्या मजल्याचा कुठला छज्जा, किती लांबी, कोणतं साहित्य, हे लिहा.

रंग निवडताना ब्लेडने एका आडोशाच्या जागी २ सेमी चौकोनात एकेक थर खरवडून बघा. मूळ छटा बहुधा फिकी पिवळी, मोतिया किंवा दगडी करडी निघते.

स्ट्रक्चरल ऑडिट कधी करायचं, आणि 'सी-१' आलं तर?

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते, आणि नंतर दर १० वर्षांनी. निष्कर्ष चार प्रकारचे: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे, सी-२अ म्हणजे रिकामी करून किंवा अंशतः पाडून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहते ठेवून मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

सी-१ आणि सी-२ब यांच्यातला फरक हा परिसर राहणार की जाणार, एवढा मोठा असतो. म्हणून अहवालाच्या शेवटच्या पानाआधी चाचण्यांचं पान बघा.

सळईचा गंज तपासणाऱ्या हाफ-सेल चाचणीत वाचन उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे असेल तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली शंकास्पद. फेनॉल्फ्थॅलीनचा फवारा ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर मारला की निरोगी भाग गुलाबी होतो. कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बदललेला भाग तसाच राहतो. तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचलाय का, हे पट्टी लावून मोजायचं.

आता गोम अशी की चाचण्या घेतल्या कुठे? फक्त नहाणी आणि संडासाच्या खालच्या तुळया निवडल्या तर कुठलीही जुनी इमारत वाईट ठरेल. प्रत्येक मजल्यावर, कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही भागांत नमुने घेतलेत का, त्यांच्या जागा नकाशावर दाखवल्यात का, हे तपासा. आणि चुन्याच्या भारवाही भिंतींच्या इमारतीला नुसत्या काँक्रीटच्या चाचण्या लावून दिलेला निष्कर्ष अर्धवटच म्हणायचा. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

छज्जे आणि बाल्कन्या सगळ्यात आधी का फुटतात? दुरुस्ती कशी करायची?

ते पातळ असतात, दोन्ही बाजूंनी पाऊस खातात आणि त्या काळात सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम १५-२० मिमी ठेवलेलं असे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि समुद्राकडून येणारा क्षार आत शिरला की सळई गंजते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होतं आणि तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत सरळ चीर दिसते, मग खपली पडते.

क्रम असा. छज्जा खालून टेकू देऊन पेला. ठोकून पोकळ आवाज येणारा भाग खडूने आखा. काँक्रीट सळईच्या मागे २०-२५ मिमी जाईपर्यंत तोडा. समोरचीच बाजू उघडून रंग फासला तर मागून गंज चालूच राहतो, आणि दोन पावसाळ्यांत तीच खपली पुन्हा पडते. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करा. व्यास मोजा. छेद पाव भागाने घटला असेल तर अभियंत्याला विचारून जोडसळई टाका. मग गंजरोधक लेप, बाँडिंग कोट आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका थरात १०-१२ मिमीपेक्षा जास्त नाही. ५० मिमीच्या वर खोली असेल तर फर्मा बांधून मायक्रो-काँक्रीट ओता. शेवटी छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच परत काढा. ती नसेल तर पाणी पोटाखालून भिंतीकडे ओघळतं.

बाल्कनीत एक गोष्ट हमखास चुकते. पुढे आलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. खालून कितीही सुंदर दुरुस्ती केली तरी वरची सळई फरशीखाली गंजत राहू शकते. भिंतीलगत ३०० मिमीचा पट्टा वरून उघडून बघितल्याशिवाय 'बाल्कनी ठीक' असं लिहून घेऊ नका.

बाल्कनी बंद करण्याचा मोह इथल्या प्रत्येक इमारतीत दिसतो. साडेचार इंची विटेची भिंत, ३ मीटर उंच आणि १ मीटर लांब, गिलाव्यासकट ७०० ते ८०० किलो भरते, आणि हे सगळं वजन स्लॅबच्या टोकावर येतं. पाऊस अडवायचाच असेल तर मूळ कठड्याच्या आत, हलक्या चौकटीत काच लावा. बाहेरून वळण दिसत राहील.

खांबांना जॅकेटिंग (मजबुतीसाठी भोवती नव्या काँक्रीटचं आवरण) करताना प्रत्येक बाजूला ५०-७५ मिमी किंवा जास्त जाडी वाढते. प्रवेशद्वाराचे खांब, त्यांवरच्या खाचा आणि पट्ट्या त्यात गडप होतात. काम सुरू होण्याआधी त्यांचे साचे घेऊन ठेवा, म्हणजे नव्या पृष्ठभागावर त्या पुन्हा काढता येतील.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का नको?

चुन्याची भिंत ओल घेते आणि वाळवते. वरून घट्ट सिमेंट बसलं की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या पृष्ठभागावर साठतो आणि वीटच पापुद्रे सोडते. वर प्लास्टिक रंग असेल तर फुगे येतात. चाळलेली नदीची वाळू आणि मुरवलेला चुना ३:१, गरजेनुसार सुरकी (विटांचा चुरा), थर १०-१२ मिमी, आणि निदान आठवडाभर गोणपाटाखाली ओलसर. घाई करणारा गवंडी यात गुपचूप सिमेंट मिसळतो. साइटवर एक कोरा नमुना-पट्टा आधी करून घेतला की नंतरचा फरक हाताला कळतो.

गच्ची गळते. जुन्या कोब्यावर नवा टाकला तर?

टाकू नका. १०० मिमी ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याचं वजन दर चौरस मीटरला १८०-२०० किलो असतं. दोन थर म्हणजे स्लॅबवर कायमचं दुप्पट ओझं. जुना काढा, स्लॅबच्या चिरा भरा, १:१०० उतार द्या, कठड्याशी गोल वाटा काढा आणि पन्हाळीचं तोंड सगळ्यात खाली येतंय ना ते बघा. मग ४८ तास तरी पाणी भरून ठेवून खालची छतं तपासा. हे काम ऑक्टोबर ते मे याच काळात.

खिडक्या, ग्रिल, फरश्या: बदलायच्या की ठेवायच्या?

ठेवायच्या. जुना साग आज त्या भावात आणि त्या घनतेचा मिळणार नाही. चौकट बहुतेक वेळा खालच्या १५०-३०० मिमीतच कुजलेली असते. तेवढा भाग तिरका कापून नवा साग सांधा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची अर्धीच बाजू उघडते, म्हणजे वारा निम्मा होतो. ग्रिल खरवडून झिंक फॉस्फेट प्रायमर आणि एनॅमल पुरतं.

जिन्यातल्या आणि खोल्यांतल्या सिमेंटच्या रंगीत फरश्या बहुतेक ८ इंची असतात आणि रंगाचा थर वरच्या काही मिलिमीटरांतच असतो. मशीनने जोरात घासल्या तर नक्षी पुसली जाते, ॲसिडने धुतल्या तर पृष्ठभाग खडबडीत होतो. सौम्य साबण आणि मऊ कापड. तुटलेल्या फरशीच्या जागी कपाटाखालची साबूत फरशी आणून लावा, नवी कपाटाखाली.

रस्त्यावरची झाडंही वारशात मोजतात का?

मोजायलाच हवीत. पारशी कॉलनीत रस्त्यागणिक एकेका जातीची झाडं लावली गेली: फिरदौसी रोडवर महोगनी, जाम-ए-जमशेद रोडवर अशोक. मधलं एक पडलं आणि तिथे भलतंच झाड लावलं की ओळ तुटते. म्हणून बदली झाड मागताना जात लिहून मागा.

२०२१च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' मानलं जातं. आवारातलं झाड असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. धोका बहुतेक वेळा कुऱ्हाडीचा नसतोच. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट गळ्यापर्यंत आणलेलं असतं. चारही बाजूंना किमान १ मीटर माती मोकळी ठेवा, आणि आवारात पार्किंगसाठी खोदाई करायची तर मोठी मुळं कुठे जातात ते आधी हाताने उकरून बघा.

पुनर्विकास होणारच असेल तर निदान काय करावं?

नोंद. पाडण्याआधी प्रत्येक दर्शनी बाजूचा सरळ फोटो, कॅमेरा भिंतीला समांतर, चौकटीत एक मोजपट्टी धरून. जिना, ग्रिल, दरवाजा, फरशी, नावाची अक्षरं यांचे जवळून फोटो. मजल्यांची उंची, कठड्याची उंची, छज्जाची रुंदी आणि कुंपणापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून लिहा. मूळ मंजूर नकाशाची प्रत मिळवा.

विकासकाशी करार करताना चार गोष्टी लिहून घ्या: रस्त्यापासूनचं जुनं अंतर, खालच्या तीन-चार मजल्यांची दर्शनी रेषा शेजारच्या इमारतींशी जुळवणं, आवारातली झाडं, आणि ठेंगणी कुंपणभिंत. मूळ कुंपणं बहुतेक कमरेएवढी असतात. तिथे पत्र्याची आठ फुटी भिंत आली की पदपथावरून बाग, पायऱ्या आणि तळमजल्याची बाल्कनी हे सगळंच दिसेनासं होतं. सागाचे दरवाजे, ग्रिल आणि फरश्या कोणाच्या, हेही करारात असू द्या. नाही लिहिलं तर त्या पाडकामाच्या ठेकेदाराच्या होतात आणि दुसऱ्या दिवशी भंगारात निघतात.